भूभौतिक सर्वेक्षण (पुरलेला कचरा)

पुरलेल्या घातक कचऱ्याचा ठाव खोदकामाशिवाय घेण्याची ही पद्धती आहे. अंदाजाने खणल्यास पिंप फुटून विषारी द्रव्ये भूजलात मिसळण्याचा धोका असतो. जमिनीत वीजप्रवाह सोडून विद्युत रोधकता मोजतात. क्षारयुक्त झिरपा असलेल्या भागात ती कमी भरते. चुंबकमापकाने लोखंडी पिंपांचा माग लागतो. १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर अनेक वर्षांनी भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने असे सर्वेक्षण केले. नागपूरच्या ‘नीरी’ने माती व भूजल तपासले.

दख्खनच्या पठारावर या पद्धतीला मर्यादा पडतात. धुळे जिल्ह्यातील नरडाण्यासारख्या खानदेशी भागात ओल्या काळ्या मातीची रोधकता मुळातच कमी असते आणि बेसाल्ट खडक चुंबकीय असतो. त्यामुळे संशयित जागी छिद्रे घेऊन माती व पाण्याचे नमुने तपासणे आवश्यक ठरते.