दप्तर कोणाच्या घरी?

श्रोतेहो, गावाने मिळून विहीर खणली. पण हिशेबाचे दप्तर मात्र परक्याच्या कपाटात ठेवले, तर? संगणकाच्या इतिहासात असेच घडले.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ ही प्रणाली सुरू केली. कुणीही वाचावी, सुधारावी, वाटावी, अशी ती मोकळी. देशोदेशीचे लोक राबू लागले. कोणी काय बदलले, हे नोंदायला टोरवाल्ड्सने २००२ मध्ये ‘बिटकीपर’ घेतले. ते फुकट मिळे खरे. पण मालकी कंपनीची अन् अटीही तिच्याच. काहींनी तेव्हाच हरकत घेतली होती. बिटकीपरची आतली रीत कोणी उकलू पाहतो आहे, असे दिसताच २००५ च्या एप्रिलात कंपनीने सवलत बंद करण्याचे जाहीर केले. टोरवाल्ड्सने काही दिवसांतच ‘गिट’ उभे केले. त्यात सगळ्या दप्तराची नक्कल प्रत्येकाजवळ राहते.

आणि गंमत पाहा! २००८ मध्ये निघालेल्या ‘गिटहब’ या खासगी सेवेकडे असंख्य मोकळे प्रकल्प सोयीसाठी गेले. २०१८ साली ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. नकला घरोघर आहेत. चर्चा अन् तक्रारी मात्र पुन्हा परक्याच्या कपाटात.

गुरुजनहो, मुलांना एवढे जरूर सांगा : फुकट म्हणजे मोकळे नव्हे.