फ्रान्सच्या द्राक्षप्रदेशातील हरितवाटा : काही ऐतिहासिक विचार

बर्गंडी प्रांतातील शालों-सुर-सोन या नगरापासून दक्षिणेस माकोंच्या दिशेने सुमारे सत्तर किलोमीटर लांबीची एक वाट जाते. तिच्यावर मोटारगाडीस प्रवेश नाही. सायकलस्वार, पादचारी व घोडेस्वार यांच्यासाठीच ती राखून ठेवलेली आहे. फ्रेंच भाषेत अशा वाटेस ‘व्वा व्हेर्त’, म्हणजे ‘हरितवाट’, अशी संज्ञा आहे. बोर्दोच्या परिसरात, लांगदोकमध्ये आणि बर्गंडीच्या अन्य भागांतही अशा वाटा आहेत. द्राक्षमळ्यांच्या प्रदेशातून सायकलीने निवांत प्रवास करू इच्छिणारे देशोदेशीचे लोक दरवर्षी तेथे येतात. या वाटांची प्रवासवर्णने वाचताना असा ग्रह होतो की, त्या जणू द्राक्षवेलींइतक्याच जुन्या असून मोटारीचा स्पर्श त्यांना केव्हाच झाला नसावा. या वर्णनातील निवांतपणा खरा आहे. परंतु तो आदिम नव्हे. या वाटा एके काळी गजबजलेल्या व्यापारी मार्गांच्या होत्या. त्यांवरील आजची शांतता म्हणजे तेथून निघून गेलेल्या व्यापाराची शांतता होय.

वाटेसाठी फ्रेंच भाषेत जे शब्द आहेत त्यांचा येथे थोडा विचार करणे उपयुक्त ठरेल. ‘शमँ’ हा सर्वसामान्य वाटेचा शब्द गॉल लोकांच्या केल्टिक भाषेतून आलेला आहे. ‘रूत’, म्हणजे हमरस्ता, हा लॅटिन ‘रुप्ता’पासून निघाला, त्याचा मूळ अर्थ ‘फोडलेली’, म्हणजे रान अथवा खडक फोडून काढलेली वाट. ‘आलाज’ म्हणजे काठावरून नाव ओढून नेण्याचे काम, आणि तो शब्द जर्मानिक मूळाचा आहे. मराठीतील ‘वाट’ ही संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृत ‘वट्ट’च्या द्वारा आली, हे सर्वश्रुतच आहे. यांपैकी प्रत्येक शब्दास एखाद्या विशिष्ट वाहतुकीचा अथवा कामाचा वास लागलेला असतो. ‘हरितवाट’ या शब्दास मात्र तसा वास नाही. ही वाट कोणासाठी आणि कशासाठी काढली गेली, हे तो सांगत नाही. तिचा केवळ रंग सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकाने सावध व्हावे असे स्थळ हेच.

या वाटांपैकी कालव्यांच्या काठच्या वाटा सर्वांत जुन्या होत. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या कारकिर्दीत १६६९ साली जल व वने यांविषयीचा जो राजाज्ञापत्रक-संग्रह निघाला, त्यात नौकानयनयोग्य नद्यांच्या काठच्या जमीनमालकांनी घोड्यांनी नावा ओढण्यासाठी चोवीस फूट रुंदीची पट्टी मोकळी सोडावी, असा नियम होता. जमीन मालकाचीच राही, पण तीवरून जाण्याचा हक्क व्यापाराचा असे. खासगी मालमत्तेवर सार्वजनिक वाटेचा हक्क बसविण्याचे हे उदाहरण मोलाचे आहे. आजच्या हरितवाटांच्या कायद्यामागे जी कल्पना आहे तिचे बीज, उद्देश सर्वस्वी भिन्न असला तरी, येथे सापडते.

याच सुमारास दक्षिणेत पिएर-पॉल रिके याने तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या थो सरोवरापर्यंतचा सुमारे २४० किलोमीटरांचा कालवा खोदण्यास घेतला. १६६६ साली आरंभ झालेला हा कालवा १६८१ मध्ये खुला झाला. गारोन नदीमुळे तुलूझहून पुढे बोर्दोस जाता येई. तेव्हा लांगदोकचे मद्य आता थेट अटलांटिकला पोचणार, असे कोणासही वाटावे. प्रत्यक्षात तसे घडले नाही. बोर्दोच्या नगरवासीयांना मध्ययुगापासून एक विशेषाधिकार मिळालेला होता. गारोनच्या वरच्या खोऱ्यातील मद्य नाताळापूर्वी त्यांच्या बंदरात उतरू शकत नसे. शरद ऋतूत मद्य भरून नेणारी परदेशी जहाजे तोवर निघून गेलेली असत. पाणी वाहत होते, नावा होत्या, काठावर घोड्यांची वाटही होती. अडसर होता तो कागदावरचा. १७७६ साली त्युर्गोने मद्यव्यापार मुक्त केला तेव्हा तो दूर झाला. म्हणजे कालवा पूर्ण झाल्यावर ९५ वर्षांनी! मधल्या काळात या कालव्यावर प्रामुख्याने लोरागे प्रदेशातील गहू वाहिला जात असे. भूगोलाने दिलेली वाट कायदा किती काळ बंद ठेवू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

बर्गंडीतील कालव्यांची कथा निराळी आहे. एमिलाँ गोते या अभियंत्याने शालोंपासून दिग्वँपर्यंत काढलेला मध्य-कालवा अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वाहता झाला. पॅरिसच्या दिशेने जाणारा बर्गंडी कालवा १७७५ मध्ये सुरू होऊनही, क्रांती व युद्धे यांमुळे, १८३२ पर्यंत रखडला. आणि १८५१ मध्ये पॅरिस-दिजाँ रेल्वे सुरू झाली. ज्या कालव्यास सत्तावन्न वर्षे लागली, त्याच्या वाट्यास निर्वेध व्यापाराची जेमतेम एकोणीस वर्षे आली. दक्षिणेत तर रेल्वे कंपनीने रिकेचा कालवाच १८५८ पासून चाळीस वर्षांच्या पट्ट्याने ताब्यात घेतला. स्पर्धक जलमार्ग रेल्वेच्याच हाती गेल्यावर त्याची भरभराट होण्याचे कारण उरले नाही.

रेल्वेने द्राक्षप्रदेशाचे काय केले हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. फ्रेंच भाषेत रेल्वेस ‘लोहाची वाट’ म्हणतात. मराठीतील ‘लोहमार्ग’ही तोच. माकोंहून क्ल्युनीमार्गे पश्चिमेस जाणारा लोहमार्ग १८७० मध्ये खुला झाला, आणि क्ल्युनी ते शालों हा फाटा १८८० च्या सुमारास. ही कालगणना ध्यानात घेण्याजोगी आहे. द्राक्षवेलींच्या मुळांवर जगणारा फिलॉक्सेरा हा अमेरिकन कीटक दक्षिण फ्रान्समध्ये १८६३ पासून हाहाकार माजवीत होता. १८७८ मध्ये तो बर्गंडीच्या ऐन गाभ्यात, मेर्सो येथे, आढळला. मद्याची पिंपे वाहण्यास रूळ सज्ज झाले त्याच वेळी मळे वाळू लागले. पुढे अमेरिकन खुंटावर कलम बांधून मळे पुन्हा उभे राहिले. परंतु सर्वत्र नव्हे. स्वस्त दक्षिणी मद्य तोवर त्याच रेल्वेने पॅरिसच्या बाजारात जाऊ लागले होते, आणि त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या साधारण प्रतीच्या मळ्यांना पुनर्लागवडीचा खर्च परवडेना. बर्गंडी कालव्याकाठच्या टोनेरच्या आसपासचे मळे जवळजवळ नामशेष झाले. तेथील मद्यास स्वतंत्र नामाभिधान मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. त्या भागात कालव्याच्या काठाने सायकलीवरून जाणाऱ्यास आज गव्हाची शेते व कुरणे दिसतात. तीही द्राक्षप्रदेशाच्या इतिहासाचाच भाग होत.

शालों ते क्ल्युनी या वाटेचे स्वरूपही रेल्वेच्या गरजांनीच ठरविलेले आहे. जिव्री, ब्युसी, सँ-झांगू-ल-नासियोनाल ही गावे ओळीने टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेली आहेत. (या शेवटच्या गावाचे नाव राजेशाहीच्या काळी ‘राजाचे’ होते, ते पुढे ‘राष्ट्राचे’ झाले.) द्राक्षवेलीस उतार हवा, निचरा हवा, सकाळचे ऊन हवे, दरीच्या तळातील ओलावा व दहिवर तिला सोसत नाही. रेल्वेस नेमके उलट हवे, म्हणजे सपाटी आणि मंद चढ. म्हणून लोहमार्ग मळ्यांतून गेला नाही, मळ्यांच्या पायाशी लागून गेला. तीच हरितवाट झाल्यामुळे सायकलस्वारास द्राक्षवेली वर, डोंगरउतारावर दिसतात, आणि सँ-झांगूच्या पुढे ग्रोन नदीच्या खोऱ्यात तर बहुधा शारोले जातीच्या पांढऱ्या गाईच दिसतात. क्ल्युनीच्या पुढे बोआ-क्लेर येथे दीड किलोमीटरहून लांब बोगदा लागतो. तो हिवाळ्यात बंद असतो, कारण त्या काळी तेथे वटवाघळे निद्रिस्त असतात. मद्याच्या गाड्यांसाठी खोदलेल्या बोगद्यावर आता त्यांचा हक्क प्रथम मानला जातो.

विसाव्या शतकात मालमोटारींनी लहान लोहमार्गांचे काम हिरावून घेतले. १८७९ च्या फ्रेसिने योजनेने शेकडो गावांना रेल्वेचे अभिवचन दिले होते. त्यांतील कितीतरी फाटे एकामागून एक बंद पडले. स्थानक बंद होणे ही गावाच्या दृष्टीने लहान घटना नव्हती. शाळा, बाजार, डाक, दवाखाना हे सारे त्या वेळापत्रकावर चालत असे. हरितवाटेच्या कौतुकात या हानीचा उल्लेख सहसा येत नाही. जिव्री ते क्ल्युनी हा ४४ किलोमीटरांचा टप्पा १९९७ मध्ये हरितवाट म्हणून खुला झाला आणि तो फ्रान्समधील पहिला मानला जातो. प्रवासी आले, गावांत खाणावळी व मुक्कामाच्या सोयी निघाल्या, हे खरे. परंतु म्हातारी आजारी पडली तर तिला शालोंस नेण्याचे काम ही वाट करू शकत नाही.

सायकलीने देश पाहण्याची प्रथा मात्र या वाटांहून पुष्कळ जुनी आहे. सायकलस्वारांनी स्थापिलेला फ्रान्सचा टूरिंग क्लब १८९० चा. सँ-एतिएन येथील पॉल द व्हिव्ही ऊर्फ ‘वेलोसियो’ याने १८८७ पासून आपल्या नियतकालिकातून सायकल-पर्यटनाचा व गिअरयुक्त सायकलीचा हिरिरीने पुरस्कार केला. १९३६ मध्ये कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाल्यावर हा छंद सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. हे सर्व लोक हमरस्त्यांवरूनच जात; तेव्हा रस्ते मोकळे होते. बोर्दोजवळच्या आँत्र-द-मेर प्रदेशातील हरितवाटेस रॉजे लापेबी याचे नाव दिलेले आहे. १९३७ ची ‘तूर द फ्रान्स’ त्याने जिंकली, आणि गिअर बदलण्याची यंत्रणा वापरून ती जिंकणारा तो पहिला. गंमत अशी की, त्याच्या नावाची वाट बव्हंशी जुन्या लोहमार्गावरून जाते, आणि रेल्वेच्या चढास गिअरची फारशी गरज पडत नाही. ‘आँत्र-द-मेर’ याचा शब्दशः अर्थ ‘दोन समुद्रांच्या मध्ये’ असा. पण ते समुद्र म्हणजे भरतीचे पाणी चढणाऱ्या गारोन आणि दोर्दोञ या नद्या.

कायद्याने या वाटांची दखल उशिरा घेतली. कालव्यांच्या काठच्या वाटा या जलमार्ग-प्रशासनाच्या सेवावाटा असल्याने तेथे वाहन नेण्यास परवानगी लागे, आणि सायकल हेही वाहनच. १९९८ मध्ये राष्ट्रीय आराखडा मान्य झाला. २००४ च्या आदेशाने वाहतूक-संहितेत हरितवाटेची व्याख्या प्रथम आली. मोटार नसलेली वाहने, पादचारी व घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता, अशी ती व्याख्या. ‘मोटारमुक्त’ हा गुणधर्म निसर्गदत्त नसून या एका वाक्याने उत्पन्न केलेला आहे. २०२२ मध्ये त्यास काही अपवादांची जोड देण्यात आली, कारण या वाटांच्या कडेला लोकांची घरे व शेते आहेत.

बोन ते सांतने ही वाट या व्याख्येत नीट बसत नाही, आणि म्हणूनच ती लक्षणीय आहे. पोमार, व्होल्ने, मेर्सो या गावांवरून जाणारी ही वाट ना कालव्याची, ना रेल्वेची. ती मळेकऱ्यांची पाणंद आहे. ती खरोखर वेलींच्या मधून जाते, कारण ती वेलींसाठीच आहे. येथे वेलींच्या ओळी जेमतेम एक मीटर अंतरावर असतात. म्हणून ओळीच्या दोहो बाजूंस चाके ठेवून वेलींच्या माथ्यावरून जाणारा उंच ट्रॅक्टर वापरतात. फवारणीच्या दिवसांत आणि सप्टेंबरच्या तोडणीत असा ट्रॅक्टर समोरून आला की सायकलस्वारास कडेला उतरून उभे राहावे लागते. मोटारमुक्त वाट शोधीत आलेल्या काही प्रवाशांना हे खटकते. परंतु येथे वर्णिलेल्या सायकलवाटांपैकी जिच्यावरून अद्यापि द्राक्षे जातात, ती हीच.