एका यंत्रांत दोन पायथन

भाषेनें कूस बदलली म्हणजे जुन्या भाषेंत लिहून ठेवलेल्या कामाचें काय करावयाचें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. संगणकाच्या पायथन भाषेस तो अकरा वर्षें पुरला.

ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थांनीं १९८९ च्या अखेरीस रचावयास घेतली. १९९१ मध्यें ती प्रसिद्ध झाली. दुसरी आवृत्ति २००० सालची. ३ डिसेंबर २००८ रोजीं निघालेल्या तिसरीनें मात्र मागचीशीं बुद्ध्याच फारकत घेतली. ३ ला २ नें भागलें तर जुनी उत्तर १ देई, नवी १.५ देते. अक्षरांच्या बाबतींत तर आम्हां मराठी माणसांचा थेट संबंध येतो. ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ संकेतांत लिहून त्याची लांबी विचारली, तर जुनी १५ सांगे. कारण ती अक्षरें नव्हे, बाइट मोजी. नवी ५ सांगते: म, र, काना, ठ आणि वेलांटी. आमचे व्याकरणकार ३ म्हणतील. तरी १५ पेक्षां ५ बरे!

मग जुनी मोडींत कां काढूं नये? अडचण अशी कीं, लिनक्सच्या कित्येक वितरणांचीं स्वतःचीं अवजारें तिच्यांतच लिहिलेलीं. रेड हॅटवर नवीं साधनें चढविणारें ‘यम’ हें त्यांपैकींच एक. एखाद्या उत्साही माणसानें जुनीच्या जागीं नवी बसविली, कीं ‘यम’ बंद पडे, आणि दुरुस्तीचें हत्यारच हातचें जाई. म्हणून दोघींस एकत्र नांदविणें प्राप्त झालें. यंत्र आज्ञेचें नांव फोल्डरांच्या एका यादींत क्रमानें शोधतें व पहिलें सांपडेल तें चालवितें. तेव्हां बिऱ्हाडें निराळीं केलीं आणि नांवेंहि: ‘पायथन२’, ‘पायथन३’. नुसती ‘पायथन’ अशी हांक मारल्यास कोणी ओ द्यावी, यावर मात्र एकमत होईना. आर्च लिनक्सनें २०१० मध्येंच तो मान नवीला दिला. माझ्या मतें ती घाईच होती. २०११ मध्यें लिहिलेल्या मार्गदर्शक टिपणानेंहि तो तूर्त जुनीकडेच ठेवण्यास सांगितलें.

खरी सोय केली ती इयन बिकिंग यांच्या २००७ च्या ‘व्हर्च्युअलएन्व्ह’नें: प्रत्येक कामास आपली खोली, तींत आपली आवृत्ति व आपलें ग्रंथभांडार. २०१२ च्या ३.३ आवृत्तींत अशीच व्यवस्था भाषेच्या पदरींच आली.

जुनीची मुदत २०१५ पर्यंत होती. २०१४ मध्यें ती वाढवून २०२० केली. २.७.१८ ही तिची शेवटची आवृत्ति एप्रिल २०२० मध्यें निघाली.