संशयित कोण? रहस्यकथेकडे वऱ्हाडातून पाहताना



आजचा विषय ऐकून काहींना गंमत वाटली असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत उभे राहून खून-दरोड्यांच्या कादंबऱ्यांवर बोलायचे, हे काय हो? पण तरुण मुले-मुली आम्हांला जो प्रश्न सर्वांत जास्त विचारतात तो असा : "सर, काही तरी वाचायला सांगा, पण हातातून खाली ठेवू नये असे सांगा." हा प्रश्न कांट किंवा शंकराचार्यांविषयी नसतो. तो रहस्यकथेविषयी असतो. आणि आमचे मत असे, की त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. ज्या मुलाला एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचायची सवय लागली, तो पुढे काहीही वाचू शकतो.

पण मानोऱ्यात बसून रहस्यकथा सुचवायची म्हटली की एक अडचण पुढे येते. कथेत संशयित कोण असतो, आणि तो संशयित का ठरतो? पुण्या-मुंबईत हा प्रश्न नुसता वाङ्मयाचा राहील. इथे पोहरादेवी आपल्याच तालुक्यात आहे. समोर बसलेल्यांपैकी कित्येकांची मुळे तांड्यात आहेत. म्हणून आज या वाङ्मयाचा इतिहास थोडा आपल्या बाजूने पाहू, आणि मग काय वाचायचे ते बोलू.

सुरुवात लंडनपासून करायचा रिवाज आहे. आपण वऱ्हाडापासून करू. 1839 साली इंग्लंडमध्ये 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' नावाची कादंबरी निघाली आणि तिथे तुफान गाजली. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. अमीर अली नावाचा ठग आपल्या तोंडाने आपले गुन्हे सांगतो, अशी तिची रचना. कुठलाही हेर त्यात नाही, गुन्हेगारच बोलतो. ठगांच्या टोळ्यांची वाट नागपूर-अमरावतीकडून हैदराबादकडे जाते, म्हणजे आपल्याच मुलखातून. एडगर ॲलन पोने पहिली हेरकथा लिहिली ती 1841 साली, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी. आणि हाच टेलर 1857 च्या धामधुमीत वऱ्हाडात बुलढाण्याला अधिकारी म्हणून आला. इंग्रजी गुन्हेकथेच्या आरंभकाळचा एक मोठा लेखक आपल्या शेजारच्या जिल्ह्यात कारभार करून गेला, हे आपल्या मुलांना सहसा कोणी सांगत नाही.

टेलर हा माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याला इथल्या भाषा येत, लोकांविषयी जिव्हाळाही होता. पण त्याच्या पुस्तकातून आणि त्या काळच्या ठगीविरोधी मोहिमेतून युरोपच्या मनात एक चित्र पक्के बसले : हिंदुस्थानात गुन्हा हा वंशपरंपरेचा धंदा आहे, जसा सुताराचा मुलगा सुतार तसा चोराचा मुलगा चोर. कादंबरीत हे चित्र चालून गेले असते. पुढे ते कायद्यात उतरले.

1871 साली 'क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट' आला, गुन्हेगार जमातींचा कायदा. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, मग 1911 च्या सुधारित कायद्याने देशभर पसरला. एखादी जमात एकदा नोंदली की तिच्यातल्या माणसाने काही केले आहे की नाही, हे कोणी पाहायचे नाही. त्याने हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे. देशाच्या वेगवेगळ्या भागांत लमाण, लंबाडा, बंजारा अशा नावांनी या समाजाचे गटही त्या याद्यांत गेले.

आता बंजारा म्हणजे कोण? बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर पोचवणारी माणसे. लष्करे त्यांच्या रसदीवर चालत. 1867 साली भुसावळहून रेल्वे नागपूरला पोचली, पक्के रस्ते झाले, आणि मालवाहतुकीचा तो धंदाच बसला. ज्याचा धंदा गेला त्याचे फिरणे मात्र राहिले, आणि फिरणारा माणूस सरकारला संशयित वाटू लागला. हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 रोजी. स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी! महाराष्ट्राच्या यादीत आज बंजारा समाज 'विमुक्त जाती' या शीर्षकाखाली येतो. त्या 'विमुक्त' शब्दात हा सगळा इतिहास दडलेला आहे. कशातून विमुक्त? तर जन्मतःच संशयित असण्यातून.

ठशांचीही गोष्ट इथे सांगायला हवी, कारण रहस्यकथेचा तो आवडता पुरावा. जगातले पहिले अंगुलिमुद्रा कार्यालय कलकत्त्याला 1897 साली निघाले. ठशांचे वर्गीकरण कसे करायचे हे गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. पद्धतीला नाव मात्र मिळाले त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. स्कॉटलंड यार्डने ती 1901 साली उचलली. म्हणजे लंडनचा हेर ज्या शास्त्रावर ऐट करतो ते आपल्याकडे घडले. आणि आपल्याकडे तेच शास्त्र गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच माणसे नोंदवायला वापरले गेले.

आता इंग्रजी कथांकडे या. विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' 1868 ची. श्रीरंगपट्टणमच्या 1799 च्या लुटीतला हिरा इंग्लंडमध्ये नाहीसा होतो आणि पहिला संशय जातो तीन हिंदी माणसांवर. हिरा खरा कुणी उचलला ते आम्ही सांगणार नाही. रहस्यकथेची शिफारस करणाऱ्याने पाळायचा पहिला नियमच तो आहे. पण एवढे सांगतो, की कॉलिन्सने त्या संशयाची चांगलीच परीक्षा घेतली आहे. उलट 1890 च्या 'द साइन ऑफ फोर'मध्ये कॉनन डॉइलने अंदमानच्या आदिवासीचे जे वर्णन केले आहे ते आज वाचताना लाज वाटते. शेरलॉक होम्स एवढा हुशार, पण आपल्या काळाच्या समजुतीपुढे तोही आंधळा. भालबा केळकरांनी होम्सच्या कथा मराठीत आणल्या. त्या जरूर वाचाव्यात, मुलांनाही द्याव्यात. फक्त ही एक गोष्ट सांगून द्याव्यात.

मराठीत काय झाले? गोविंद नारायणशास्त्री दातार, जन्म 1873 चा. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचे धागे घेऊन त्यांनी 'कालिकामूर्ती', 'इंद्रभुवनगुहा' अशा कादंबऱ्या रचल्या आणि घराघरांत कंदिलाच्या उजेडात लोकांना जागवले. मग आले बाबूराव अर्नाळकर. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, 1906 ते 1996. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिलेला माणूस. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही नावे घेतली की आमच्या वयाच्या माणसांचे डोळे अजून चमकतात. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांचा प्रपंच ज्यांच्यावर चालत असे, असे हे लेखक.

अर्नाळकरांकडे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. त्यांचा झुंजार, त्यांचा काळापहाड हे नायक कायद्याच्या काठावर उभे असतात. पोलीस त्यांच्या मागे, खरे बदमाशही त्यांच्या मागे. परकी सरकारचा कायदा आणि न्याय या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्या काळच्या मराठी वाचकाला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. म्हणून त्याला असा नायक लगेच आपला वाटला.

पुढे गुरुनाथ नाईक आले. त्यांचीही संख्या हजारावर. त्यांचे कॅप्टन दीप वगैरे नायक लष्कर आणि हेरखात्यातले, म्हणजे स्वतंत्र देशाचे. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास आणि फिरोज इराणी उभे केले, आणि कोर्टातला युक्तिवाद तरुणांच्या बोलीत आणला. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदी मात्र अर्नाळकर बसले नाहीत आणि नाईकही नाहीत. लाखो लोकांना वाचायला शिकवणाऱ्यांना वाङ्मयाच्या पंगतीत पाट मिळाला नाही. शिरवळकरांचेही तसेच. 2013 साली 'दुनियादारी'वर सिनेमा आला, 2020 साली 'समांतर'वर मालिका आली, तेव्हा नव्या पिढीने त्यांना पुन्हा शोधले.

आता थोडे आमच्या विषयाचे, कंटाळू नका. मीमांसकांचे एक जुने उदाहरण आहे. देवदत्त लठ्ठ आहे, आणि दिवसा तो जेवत नाही. मग काय मानायचे? तो रात्री जेवत असला पाहिजे. याला ते 'अर्थापत्ती' म्हणतात. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा त्या जुळवणारी तिसरी गोष्ट मानावीच लागते. रहस्यकथा म्हणजे दुसरे काय हो? दार आतून बंद, खिडकीला गज, आणि आत माणूस मेलेला. जुळवा!

नैयायिकांनी त्यापुढे जाऊन चुकीच्या कारणांची यादी केली, हेत्वाभासांची. त्यातला एक 'सव्यभिचार'. जे कारण साध्य असते तिथे सापडते आणि नसते तिथेही सापडते, ते काही सिद्ध करत नाही. "हा तांड्यातला आहे, म्हणून हा चोर." तांड्यात प्रामाणिक माणसे आहेत की नाही? आहेत. मग तांड्यातले असणे हे चोरीचे कारण होऊ शकत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत ज्याला शून्य गुण मिळाले असते, असे ते अनुमान 81 वर्षे या देशाचा कायदा होते. म्हणून आम्ही म्हणतो, चांगली रहस्यकथा ही तर्काची शाळा आहे. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय तो निर्दोष निघतो, आणि वाचकाला शेवटी स्वतःला विचारावे लागते, की आपण याच्यावर संशय का घेतला होता?

तर आता शिफारशी. आमची कसोटी एकच : कथेतला संशय पुराव्यावर चालतो की माणसाच्या जातीवर, वस्तीवर, धर्मावर चालतो? पहिली असेल तर बिनधास्त द्या. दुसरी असेल तर द्याच, पण बोलून द्या.

शाळेतल्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. त्यानंतर सत्यजित राय यांचा फेलूदा. तो 1965 साली बंगालीत आला, आणि अशोक जैन यांनी तो मराठीत सुरेख उतरवला आहे. त्यातली एक गोष्ट आपल्या वेरूळच्या लेण्यांत घडते. शिल्पांची चोरी हा गुन्हा, म्हणजे मुलांना लेणीही कळतात. या कथांत रक्त कमी आणि डोके जास्त.

महाविद्यालयातल्यांनी शिरवळकर वाचावेत. इंग्रजी थोडे जमत असेल तर जपानच्या केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' घ्यावी, मूळ 2005 ची. त्यात मारले कोणी हे सुरुवातीलाच कळते. तरी पुस्तक खाली ठेवता येत नाही, कारण एका गणिताच्या शिक्षकाने ते झाकण्यासाठी काय केले, हे कोडे शेवटपर्यंत सुटत नाही. ज्यांना पोलीस भरतीची तयारी करायची आहे, आणि अशी मुले आपल्या तालुक्यात पुष्कळ आहेत, त्यांनी स्वीडनच्या माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याचा मार्टिन बेक वाचावा. 1965 ते 1975 मध्ये दहा कादंबऱ्या. तपास म्हणजे धावपळ आणि गोळीबार कमी, कागद, थकवा आणि धीर जास्त, हे त्यातून समजते. प्रौढांसाठी विक्रम चंद्रा यांची 2006 ची 'सेक्रेड गेम्स' आहे. मोठी आहे, रांगडी आहे, भाषा शिवराळ आहे, पण मुंबई, पोलीस आणि टोळीवाले यांचे नाते त्यात खरे दिसते. रॉबिन कुक, जॉन ग्रिशॅम यांची मराठी भाषांतरे मेहता प्रकाशनाकडून आलेली आहेत. दवाखाना आणि न्यायालय यांच्या पोटात काय चालते, ते कळायला ती बरी.

आणि शेवटची शिफारस रहस्यकथेची नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 चे, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 चे. दोन्हींना साहित्य अकादमीचा मान मिळाला. गुन्हेगार ठरवलेल्या समाजांत जन्मलेली मुले आपल्या तोंडाने आपली गोष्ट सांगतात. त्यांच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी एका इंग्रजाने ठगाच्या तोंडून गोष्ट सांगितली होती. ज्यांच्याविषयी पोलिसांच्या वह्या भरल्या त्यांच्याच नातवंडांनी लेखणी हातात घेतली, तेव्हा त्या कबुलीजबाबाला जबाब मिळाला.

1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे आपल्याकडे गावोगावी लहानमोठी वाचनालये उभी राहिली. तिथल्या ग्रंथपालांना आमची एक विनंती आहे. होम्स, झुंजार आणि फेलूदा ज्या फळीवर ठेवाल, त्याच फळीवर 'उचल्या'ही ठेवा. मुलगा रहस्यकथा घ्यायला येईल, त्याचा हात चुकून शेजारच्या पुस्तकावर पडेल. संशय कसा घ्यायचा हे त्याला पहिले पुस्तक शिकवील आणि तो कुणावर उगाच घेऊ नये हे दुसरे. दोन्ही शिकलेला मुलगा उद्या या तालुक्यात फौजदार म्हणून आला, तर रात्री रस्त्याने जाणारा गरीब माणूस त्याला बघून वाट बदलणार नाही.

आता प्रश्न विचारा. फक्त 'मूनस्टोन'चा चोर कोण, हे विचारू नका.