वाटाड्याच्या शब्दाची किंमत
(थ्रेड)

१/ ऑगस्ट १८६१. आल्प्समधील बॉसों हिमनदीच्या खालच्या टोकाशी वितळत्या बर्फातून मानवी अवशेष बाहेर पडू लागले. कवटीचे तुकडे, केस, एक हात; सोबत फेल्टची टोपी आणि फुटका कंदील. शामोनी गावातील एका वृद्ध वाटाड्याने ते ओळखले. ४१ वर्षांपूर्वी वर गडप झालेले त्याचे सोबती खाली आले होते.

२/ पाहुण्याला पैसे घेऊन डोंगरात नेणे हा आज जगभरचा व्यवसाय आहे. त्याचे परवाने आहेत, नियम आहेत, विमा आहे. या व्यवस्थेच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक ज्या अपघातातून जन्मला, त्याचेच हे अवशेष होते.

३/ प्रथम पार्श्वभूमी. माँ ब्लाँ हे आल्प्सचे सर्वोच्च शिखर, उंची सुमारे ४,८०० मीटर. जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६० मध्ये त्याची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ८ ऑगस्ट १७८६ रोजी शामोनीचे वैद्य पाकार आणि स्फटिकांच्या शोधात डोंगर हिंडणारा झाक बाल्मा शिखरावर पोहोचले. पुढच्या वर्षी स्वतः सोस्यूर चढले. सोबत १८ वाटाडे होते.

४/ यानंतर शिकारी, स्फटिकवेचे आणि शेतकरी यांना नवा रोजगार मिळाला. बर्फाची जाण त्यांची, आणि शिखराची हौस पाहुण्याची. पण पैसा पाहुण्याच्या हाती होता. त्यामुळे बर्फ धोक्याचा दिसला तर शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून या व्यवसायात दडलेला होता.

५/ ऑगस्ट १८२०. रशियाच्या झारच्या सेवेतील डॉ. जोझेफ हॅमेल वैज्ञानिक प्रयोगांसाठी शामोनीत आले. ऑक्सफर्डचे डॉर्नफर्ड आणि हेंडरसन त्यांच्याबरोबर निघाले. १८ तारखेला मंडळी ग्राँ म्युले या खडकांवर मुक्कामाला पोहोचली आणि वादळाने त्यांना गाठले. १९ तारखेचा दिवस तंबूतच गेला.

६/ २० तारखेची सकाळ निरभ्र उजाडली. एक सहप्रवासी तंबूतच थांबला, बाकीचे पुढे निघाले. वरच्या उतारावर वादळाने टाकलेले ताजे हिम साचले होते. तो उतार आडवा कापत असताना अख्खा थर पायाखालून निसटला आणि त्याने माणसांना खाली ओढले. पुढे चालणारे तीन वाटाडे खोल हिमभेगेत गाडले गेले: पिएर बाल्मा, पिएर कारिए आणि ऑगुस्त तेराझ. शोध व्यर्थ ठरला. तिन्ही प्रवासी वाचले.

७/ वाटाड्यांवर पुढे जाण्यासाठी दबाव आला होता काय? यावर परस्परविरोधी हकिकती लिहिल्या गेल्या आणि वाद अनेक वर्षे धुमसत राहिला. मात्र एक गोष्ट वादातीत होती. हौस पाहुण्यांची होती आणि मेले ते तिघेही मजुरीवर आलेले होते. त्यांच्यामागे राहिलेल्या घरांचे काय, याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते.

८/ १८२१ मध्ये शामोनीत वाटाड्यांची संघटना स्थापन झाली. पर्वतीय वाटाड्यांची ही जगातील सर्वांत जुनी संघटना मानली जाते. शामोनी तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. १८२३ मध्ये त्या सरकारने नियमांवर शिक्कामोर्तब केले.

९/ नियमांचे सार असे. वाटाड्यांची अधिकृत नोंद राहील. काम पाळीने मिळेल, म्हणजे पाहुण्यासाठी आपसात ओढाताण होणार नाही. दर ठरलेले असतील. माँ ब्लाँवर जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला किमान चार वाटाडे घ्यावे लागतील. आणि अपघातग्रस्तांसाठी एक मदतनिधी असेल.

१०/ यातील पाळीचा नियम वरवर केवळ न्याय्य वाटपाचा दिसतो, पण त्यात सुरक्षितताही होती. काम हातचे जाईल या भीतीने धोकादायक दिवशी ‘हो’ म्हणणारा माणूस स्वतःबरोबर इतरांनाही संकटात लोटतो. पोटाची चिंता कमी झाली की ‘नाही’ म्हणणे थोडे सोपे होते.

११/ पण व्यवस्थेला दुसरी बाजूही होती. १८५१ मध्ये अल्बर्ट स्मिथ आणि त्याचे तीन सोबती चढले तेव्हा चौघांमागे १६ वाटाडे होते. खर्च प्रचंड. शिवाय पाळीने येईल तोच वाटाड्या घ्यायचा, मग तो निष्णात असो वा नसो. कुशल ब्रिटिश गिर्यारोहकांना हे जाचक वाटू लागले. १८५५ मध्ये चार्ल्स हडसन, केनेडी आणि त्यांचे सोबती वाटाड्यांशिवायच माँ ब्लाँ चढून आले.

१२/ हाच हडसन १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नच्या पहिल्या यशस्वी चढाईत होता. त्याने १९ वर्षांच्या नवख्या हॅडोला सोबत आणले होते आणि त्याच्या क्षमतेची ग्वाहीही दिली होती. उतरताना हॅडोचा पाय घसरला. त्याची पावले एकेक करून खडकावर ठेवून देणारा शामोनीच्या खोऱ्यातील वाटाड्या मिशेल क्रो त्याच्या धडकेने कोसळला. हडसन आणि लॉर्ड डग्लसही ओढले गेले. दोर तुटला. चौघे गेले, तिघे उरले.

१३/ तुटलेला दोर हा त्यांच्याजवळचा सर्वांत कमकुवत दोर होता. चौकशीत त्याची पुष्कळ चर्चा झाली. पण दोराइतकाच महत्त्वाचा प्रश्न त्याआधीचा होता: या मुलाला या डोंगरावर न्यावे की नाही, हे ठरवले कोणी? आज सहलीपूर्वी भरून घेतले जाणारे अनुभवाचे आणि प्रकृतीचे अर्ज याच प्रश्नाचे उत्तर शोधत असतात.

१४/ केवळ संख्येने सुरक्षितता येत नाही, हेही लवकरच कळले. सप्टेंबर १८७० मध्ये माँ ब्लाँवर वादळात ११ जण मृत्युमुखी पडले. त्यांत प्रवासी तीन. वाटाडे आणि भारवाहक आठ.

१५/ आता एक झेप विसाव्या शतकात, कारण प्रश्न तोच आहे. २२ मार्च १९९३, इंग्लंडचा दक्षिण किनारा, लाइम बे. साहस केंद्राचे दोन प्रशिक्षक आठ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला कयाकमधून समुद्रात घेऊन गेले. वाऱ्याने गट किनाऱ्यापासून दूर रेटला गेला. ठरल्या वेळी तो परतला नाही, तरी मदत फार उशिरा मागवली गेली. थंड पाण्यात चार विद्यार्थ्यांचा अंत झाला.

१६/ खटल्यात एक पत्र समोर आले. त्याच केंद्रातील दोन माजी प्रशिक्षकांनी दुर्घटनेच्या आदल्या वर्षीच सुरक्षेतील त्रुटींविषयी व्यवस्थापनाला लेखी इशारा दिला होता. १९९४ मध्ये कंपनी सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरली आणि संचालकाला कारावास झाला. १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने अशा केंद्रांना परवाना आणि तपासणी बंधनकारक करणारा कायदा केला.

१७/ १८२० आणि १९९३ या घटनांत १७३ वर्षांचे अंतर आहे. साधने बदलली, हवामानाचे अंदाज आले, कायदे आले. तरी प्रत्यक्ष बर्फ किंवा पाणी पाहणाऱ्या माणसाचा इशारा पैशाच्या हिशेबाहून वजनदार ठरेल काय, यावरच जीव अवलंबून राहिला. दोर, शिरस्त्राण आणि परवाना यांचा उपयोग त्या इशाऱ्याला मान असेल तेव्हाच पुरता होतो.

१८/ शामोनीची संघटना आजही कार्यरत आहे. दर १५ ऑगस्टला तिचा उत्सव भरतो. वाटाडे चौकात जमतात, एकेकाचे नाव पुकारले जाते आणि तो ‘हजर’ म्हणून उत्तर देतो. १८२१ च्या नियमांमागचा साधा हेतू तरी याहून वेगळा काय होता? मोसम संपताना हजेरीला प्रत्येकाने उत्तर द्यावे, एवढाच.

(समाप्त)