संत्र्याच्या फोडी आणि एक्सेलचा गोल

हापिसात माझ्याइतके पाय चार्ट क्वचितच कुणी काढले असतील. दोन कॉलम सिलेक्ट करा, इन्सर्टमध्ये जा, गोलावर टिचकी मारा... काम तमाम. त्यामुळे दिवाळीत वरूडला घरी गेलो तेव्हा आमच्या संत्र्याच्या बागेचा हिशेब एक्सेलमध्ये टाकायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. बाग ठेवायची की तोडायची, हा प्रश्न घरात दोन वर्षं नुसता घोळत होता.

बाबांच्या वहीत तीन वर्षांचा खर्च होता: खत, फवारणी, मजुरी, बोअर आणि वीज. दर वर्षाचा एक असे तीन गोल शेजारी शेजारी काढले. तिन्ही जवळजवळ सारखेच! मी म्हटलं, "पाहा बाबा, फारसा काही फरक नाही."

बाबांनी चष्मा वर केला. "काऊन रे, खर्च तं दुप्पट झाला नं? मंग तिन्ही गोल एवढालेच कसे?"

मला उत्तर देता येईना. पुण्याला परतल्यावर विकांताला हा गोल मुळात आला कुठून, तेच शोधत बसलो.

पाय चार्टचा जनक विल्यम प्लेफेअर हा स्कॉटिश माणूस. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटकडे तो ड्राफ्ट्समन होता, म्हणजे आपल्याच जातकुळीतला. १८०१ साली 'स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी' या पुस्तकात त्याने देशादेशांची ताकद गोलांनी दाखवली. तुर्की साम्राज्याचा गोल त्याने आशिया, युरोप, आफ्रिका अशा तीन भागांत कापला. हाच पहिला पाय चार्ट मानतात. गंमत म्हणजे या पुस्तकाला हिंदुस्थानातल्या सत्तांची पुरवणीही जोडलेली आहे. त्या वेळी आमच्या वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली चालू होती. एकाच मुलखाचा वसूल, पण वाटेकरी दोन सरकारं. १८०३ च्या देवगावच्या तहानंतर भोसल्यांचा वाटा गेला. तर वाटे पाडायची कला आम्हाला प्लेफेअरने शिकवायची गरज नव्हती :-)

पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर प्लेफेअरकडेच होतं. त्याचे गोल सारख्या मापाचे नव्हतेच! देश जेवढा मोठा, तेवढा त्याचा गोल मोठा. आधी 'एकूण किती' ते दिसायचं, मग 'कुणाचे किती'. १८५८ मध्ये शार्ल मिनार या फ्रेंच इंजिनिअरने पॅरिसला कुठून किती मांस जातं ते नकाशावर पाय चार्ट काढून दाखवलं. तिथेही गोल मालाप्रमाणे लहानमोठे होते.

मग आली स्प्रेडशीट. १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये आलेख नव्हते. १९८३ मध्ये लोटस १-२-३ ने आकडे आणि आलेख एकाच प्रोग्रॅममध्ये आणले, पाय चार्टसकट. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आलं, १९८७ मध्ये विंडोजवर. शाळेत कोनमापक घेऊन वृत्तालेख काढताना घाम फुटायचा, ते काम आता सेकंदाचं झालं. पण या सोयीत एक गोष्ट गळून पडली. प्रोग्रॅम आकड्यांची बेरीज करतो, प्रत्येक आकड्याला बेरजेने भागतो आणि ३६० ने गुणतो. भागाकार झाला की 'एकूण' गायब. शंभर रुपये असोत की लाख, गोल आपला चौकटीत मावेल एवढाच.

बरं, फोडी तरी नीट कळतात का? १९८४ मध्ये क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं की कोनांची तुलना करताना माणूस जास्त चुकतो, एकाच पट्टीवरच्या खुणांची करताना कमी. पटत नसेल तर एक संत्रं सोला आणि सगळ्यात मोठी फोड कुठली ते नुसतं बघून सांगा.

पुढच्या खेपेला मी गोल काढलेच नाहीत. दर वर्षाचे दोन उभे स्तंभ काढले. एक खर्चाचा, दुसरा व्यापाऱ्याकडून आलेल्या पैशाचा. पैशाचे स्तंभ तिन्ही वर्षी जवळपास सारखे होते. खर्चाचा स्तंभ तिसऱ्या वर्षी त्यांच्या वर गेला होता.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अर्धी तोडू. विहिरीपाशची राहू दे."

असो. हापिसात शुक्रवारच्या रिपोर्टातला रंगीत गोल अजून आहे, मॅनेजरला त्याशिवाय चैन पडत नाही. फक्त त्याच्याखाली आता मी एक ओळ घालतो: एकूण किती, आणि मागच्या वेळी किती होते.