हाड दुखत नसतानाही रेडिएशन का?

कॅन्सर हाडांत पसरला की हाड आतून पोखरलं जातं. मग ते साध्या धक्क्यानेही मोडू शकतं. मणका खचून मज्जारज्जू दाबला गेला, तर पाय लुळे पडू शकतात. अशा जागी सहसा दुखायला लागल्यावरच रेडिएशन देतात. पण आधीच दिलं तर?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरच्या नेतृत्वाखाली हेच तपासलं गेलं. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ७८ रुग्णांच्या हाडांतल्या न दुखणाऱ्या, पण धोक्याच्या जागा निवडल्या: खुबा, खांदा, कण्याचे काही मणके, मोठ्या गाठी. एका गटाला नेहमीचे उपचार दिले, दुसऱ्याला त्यासोबत रेडिएशनही.

वर्षभरात हाड मोडणं, मज्जारज्जूवर दाब, हाडाची शस्त्रक्रिया किंवा वेदनेसाठी रेडिएशन यांपैकी काही घडलं, अशा जागा किती?

• आधीच रेडिएशन दिलेल्या: ६२ पैकी १
• न दिलेल्या: ४९ पैकी १४

या रेडिएशनने कॅन्सर बरा होत नाही आणि प्रत्येक डागाला त्याची गरजही नसते. शिवाय अभ्यास छोटा होता. तरी स्कॅनमध्ये हाडांत डाग दिसले, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना विचारा: यातली मोडण्याचा धोका असलेली जागा कोणती?